एका गुणाचा शब्द

सहावी ब, घटक चाचणी, प्रश्न दुसरा, अर्थ लिहा.
'फास्ट'च्या पुढे मुनाफ होडेकरनं लिहिलं होतं
बांधलेला.

मी लाल पेनानं काट मारली,
बाजूला लिहिलं जलद.
परभणीहून बदली होऊन नाट्याला येऊन चार महिने झालेले,
आणि हा शब्द मला कधी शोधावा लागला नव्हता.
फास्ट गाडी, फास्ट बॉलर,
आमच्या गल्लीतला फास्ट बोलणारा कंपाउंडर,
सगळे त्यातून धावतच आले होते.

पोरगं भांडलं नाही.
पेपराची घडी घालत म्हणालं,
'बाई, आजाला विचारू?'
विचार, म्हटलं. मला डबा खायचा होता.

शनिवारी सकाळच्या शाळेनंतर निरोप आला,
आजानं बंदरावर बोलावलंय, लाल पेन घेऊन या.

बशीर होडेकर.
तीस वर्षं मालवाहू जहाजांवर सुकाणी,
आता धक्क्यावर जाळं शिवत बसलेला,
एका डोळ्यात मोतीबिंदू,
पायाच्या अंगठ्यात अडकवलेला नायलॉनचा धागा.
त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.
माझी काट पाहिली नाही,
पाण्याकडे बोट केलं.

एक ट्रॉलर लागत होता.
नाळेवरच्या पोरानं दोर फेकला,
खालच्यानं झेलला, लोखंडी खुंटाला तीन वेढे,
पाठ मागे टाकून एक हिसका,
आणि ओरडला, 'फास!'

मी दचकले. आमच्याकडे फास म्हणजे गळ्यातला.
इथं नुसता 'ट' गळला होता,
एडनला की रॉटरडॅमला, कुठल्या गोदीत कोण जाणे,
म्हातारा तो आणायला विसरला
आणि अख्खं बंदर त्याच्यामागून तसंच बोलायला लागलं.

बोट हलत होती,
पण जात नव्हती.

'पळते ती सुटलेली,' तो म्हणाला.
'सुटलेलीला आम्ही फास नाही बोलत.
मुनाफचा बाप एकदा बांधायला विसरला.
रात्री ओहोटीला होडी अशी गेली, अशी,
तुमचा तो जलद.'
आणि हसला, सगळे दात नसलेलं.

संध्याकाळी खोलीवर डिक्शनरी काढली,
बी.एड.च्या वर्षी घेतलेली, पाठ न मोडलेली.
जलद होतं. घट्ट होतं.
गाढ झोपेला जोडून येणारंही होतं.
न जाणारा रंग, हे वाचलं आणि मोंढ्यातला दुकानदार आठवला,
पदर ओला करून चोळून दाखवायचा,
'फास्ट कलर आहे, मावशी,'
आणि आई पक्का, पक्का म्हणत मान हलवायची.
म्हणजे मला माहीत होतं.
माहीत असून मी काट मारली होती.

अगदी खाली, वेगळा आकडा घालून,
उपास.

तेव्हा कुठे तो चहा आठवला.
एकच कप.
मी बिस्किटही बुडवून खाल्लं होतं त्याच्यासमोर,
रमजानचा अकरावा दिवस, दुपारचे पावणेदोन,
आणि तो मला उन्हातून सावलीकडे सरकायला सांगत होता.

सोमवारी मुनाफचा पेपर परत मागितला.
काट खोडता येत नाही, ती लालच असते.
तिच्यावर टिक केली, ते चित्र
मोडक्या नांगरासारखं दिसायला लागलं.
एक गुण वाढवला, बेरजेत चुकले, पुन्हा केली.
'जलद पण राहू दे, बाई,' तो म्हणाला.
'पुढच्या वेळेला ते आलं तर?'

मधल्या सुट्टीत जिल्हा परिषदेतून फोन.
परत परभणीला जाण्याचा माझा अर्ज तिथं पडून आहे.
क्लार्क म्हणाला, काळजी करू नका मॅडम,
तुमची फाईल एकदम फास्ट आहे.

कुठल्या अर्थानं,
विचारायचं राहिलं.
खिडकीतून खाडी दिसत होती, भरती लागत होती,
फोन बंद झाल्यावरही मी तिथंच उभी होते.